शेवटच्या रिळातलं मीठ

एप्रिल लागला की आमच्या सोलापुरात दुपारी बाराच्या पुढं रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. नवी पेठेत आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल, लेस, असला सगळा पसारा. लगीनसराईचे दिवस, त्यामुळं सकाळी शटर वर करायच्या आधीच बायका पायरीवर बसलेल्या असतात. आणि ऊन चढलं की अख्खी पेठ अशी रिकामी होते की समोरच्या सराफाच्या पंख्याची करकर मला माझ्या गल्ल्यावर ऐकू येते. एखादीला ही शांतता बरी वाटत असेल. मला नाही वाटत. मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. तिशी जवळ आली, बाबा गेल्यापासून दुकान एकटी चालवते, सुरतेच्या व्यापाऱ्याशी फोनवर कचाकचा भांडते, पण उन्हाळ्यातली भर दुपार माझ्याच्यानं सोसवत नाही. उन्हाचं काही नाही, ते आपलंच आहे. आवाज बंद झाला की माझं धाबं दणाणतं.

लहानपणी आमच्या घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग होते. एका बाजूला माझ्या मैत्रिणीचं, पद्माचं घर, खाली माग आणि वर माणसं. सकाळपासून खटाखट खटाखट चालायचं. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय की पाहुणे आले की ते ओरडून बोलायचे आणि आम्हाला हसू यायचं. त्या वर्षांत लोडशेडिंग होतं. ठरल्या वेळेला लाईट जायची आणि गल्लीतले सगळे माग एका दमात थांबायचे. पंखा कसा हळूहळू दमत थांबतो, तसं नाही. एकदम. मग कुणाच्या तरी घरात पडलेला चमचासुद्धा ऐकू यायचा, आणि मोठी माणसं उगीच हळू आवाजात बोलायला लागायची. हळू आवाजात माणसं काय बोलतात, ते मला त्या उन्हाळ्यात कळलं.

यंदा तो सिनेमा परत आला. मी हिरवं अस्तर कापत होते, समोरून रिक्षा गेली, तिच्या पाठीवर पोस्टर. तेच हिरवं दार. खाली लिहिलेलं की आता हा सिनेमा दिग्दर्शकाच्या मनासारखा बघा, तेव्हा न दाखवलेल्या प्रसंगांसह, खऱ्या शेवटासह. कात्री हातात तशीच राहिली. समोरची बाई म्हणाली, अहो ताई, वाकडं जाईल की. खऱ्या शेवटासह म्हणे! म्हणजे तेव्हाचा काय खोटा होता?

त्या सिनेमाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. आम्ही त्याला ‘दाराचा सिनेमा’ म्हणतो आणि इथंही मी तेच म्हणणार. नाव घेतल्यानं काही होतं असं नाही, पण न घेतलेलं बरं. संध्याकाळी घरी गेले तर आई मेथी निवडत बसलेली. मान वर न करता म्हणाली की दाराचा सिनेमा आलाय म्हणं, मोबाईलवर बघितलं, जाऊ या की. दुसरा कुठलाही सिनेमा म्हणाली असती तर त्याच दिवशी घेऊन गेले असते. मी म्हटलं, बघू, आधी तुझी सलाईनं सुरू होऊ देत. ती म्हणाली, सुरू झाल्यावर मग कुठलं बाहेर पडतीय मी.

आता हेही सांगायला पाहिजे. त्याच्या थोडंच आधी आम्ही डॉक्टरांकडं जाऊन आलो होतो. त्यांनी तपासण्या बघितल्या, चष्मा काढला, आणि आईला नर्सबरोबर वजन करायला पाठवलं. वजन तर आत येतानाच झालं होतं! आई उठून गेली. दार लागल्यावर डॉक्टर म्हणाले की मी लहान असतानाचं ते दुखणं परत आलंय, आता यकृतात आहे, औषधांनी धरून ठेवता येईल पण जाणार नाही. किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, असं दिवसांत सांगत नसतात, एखादा उन्हाळा चांगला जाईल, दोनही जातील. बाहेर आले तर आई जिन्याजवळ पर्स छातीशी धरून उभी. काय म्हणाले गं? मी म्हटलं, लिव्हरला जराशी सूज आहे म्हणे, सलाईनं घेतली की उतरेल. बरं, म्हणाली. कठडा मीच घट्ट धरला होता आणि तिला मात्र कठड्याला धरून चाल म्हणून सांगत होते.

अक्कलकोटला फोन केला. तिथं माझी मोठी मावशी असते, आम्ही तिला कानडीत दोड्डव्वा म्हणतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, सांगू नको तिला, आणि तू अंजब्याड. म्हणजे भिऊ नको. हा शब्द मी लहानपणापासून तिच्या तोंडून ऐकत आलेय, आणि तो ऐकला की मला हमखास भीती वाटते. कारण घाबरायला कारण असल्याशिवाय ती तो काढतच नाही.

तो उन्हाळाही असाच, लगीनसराईचा. माझी चौथीची परीक्षा झालेली. मला सांगितलं होतं की आई सोमवारी बार्शीला लग्नाला जाणार आहे. मी म्हटलं, मी पण येणार. तर कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. आई पिशवी भरत होती. मी बाजूला बसून बघत होते. जुनी दोन सुती लुगडी, स्टीलचा पेला, टॉवेल, पावडरचा डबा. जरीची साडी नाही. बांगड्या नाहीत. लग्नाला चाललेली बाई आणि जरीची साडी नाही? आमचं दुकान कसलं, मी पोरगी कुणाची, एवढं मला कळत नव्हतं होय? पण मी विचारलं नाही. विचारलं तर खरं सांगतील, ह्याची भीती वाटली. त्या वयातसुद्धा.

जायच्या आधीच्या शनिवारी आई दुपारी म्हणाली, चल, सिनेमाला जाऊ. माझा विश्वास बसेना. परीक्षेनंतर मला एकदा सर्कस दाखवायची एवढंच ठरलं होतं. आई स्वतःहून सिनेमाला गेलेली मी तोवर बघितली नव्हती. थिएटर चालत जायच्या अंतरावर, आणि तिथले दारावरचे महिबूबचाचा आमच्याच गल्लीतले. सिनेमा भुताचा आहे, बच्ची को क्यों लाये, असं ते म्हणाले. आई म्हणाली, राहू द्या चाचा, घरात लई उकडतंय. आता मला वाटतं, तिला सिनेमाबिनेमा काही बघायचा नव्हता. माझ्या शेजारी अंधारात बसायचं होतं, कुणी बघत नसताना.

सिनेमा असा. डोंगरातलं घर. घरात एक हिरवं दार. त्या दारातून आत गेलेलं माणूस परत येतं. दिसायला तसंच, बोलायला तसंच. पण ते ते नसतं. गावातली एक म्हातारी सांगते की ओळखायची खूण एकच, परत आलेल्याला मीठ कळत नाही. खारट दिलं तरी गुमान खातं, आळणी दिलं तरी खातं. मग त्या घरातला धाकटा पोरगा दारातून आत जातो, आणि त्याला आणायला त्याची आई. थोरली मुलगी, माझ्याएवढीच, बाहेर उभी. आई वळून तिच्याकडं बघते, आत जाते, दार लागतं. मुलगी दाराकडं बघतीय. आम्ही पण बघतोय. मी आईचा दंड इतका घट्ट धरलेला की माझी नखं तिला रुतली असतील. ती हूं की चूं करेना.

आणि दिवे लागले.

संपलं. दारं धाडकन उघडली, पांढरं ऊन आत आलं, लोक चपला शोधायला लागले. एक माणूस म्हणाला, हे काय, असंच? दुसरा म्हणाला, विंग्रजी टाइप असंल. आम्ही बाहेर आलो आणि रस्त्यात असतानाच लाईट गेली. सगळ्या गल्लीतले माग थांबले. मी आईला विचारलं, ती आई परत आली का गं? आई म्हणाली, आली असंल की. आली असंल, म्हणजे काय? आली म्हण ना! तिनं ऊन लागू नये म्हणून पदर तेवढा माझ्या डोक्यावर धरला.

सोमवारी ती आणि बाबा बार्शीला गेले. दोड्डव्वा माझ्याजवळ राहायला आली. गुरुवारी तिनं मला एसटीत घालून बार्शीला नेलं, कारण मी जेवणच सोडलं होतं. कॅन्सरच्या दवाखान्याचा लांब बोळ, फिनेलचा वास, आणि बोळाच्या टोकाला दार. हिरवं! देवाशप्पथ सांगते, हिरवं होतं. आता मला कळतं की दवाखान्यांतली निम्मी दारं हिरवीच असतात. तेव्हा काय कळणार? आईला ढकलगाडीवरून आणलं. डोक्याला हिरवी टोपी. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, अगदी सिनेमातल्यासारखं, आणि दार लागलं. मला रडायलासुद्धा आलं नाही. दोड्डव्वा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, अंजब्याड, अंजब्याड.

आई परत आली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, एकटी मी सोडून. मला तर तिथून पुढची भीती सुरू झाली. घरात आली ती आई गप्प असायची. केस फणीबरोबर हातात यायचे. हाताला लोखंडासारखा वास यायचा, औषधांचा. मला जवळ घेताना सांभाळून घ्यायची, आधी कशी खसकन ओढायची तशी नाही. पद्मा म्हणाली, तुझी आई निराळीच दिसायलीय. झालं! मी रात्रंदिवस तिच्याकडं बघायला लागले. ती जेवताना तर जास्तच. दोड्डव्वा ताट वाढायची आणि आई न बोलता खायची. पूर्वी माझी आई म्हणजे आमटीत चिंचेचं एक बोटूक कमी पडला तरी ओळखणारी बाई. आता ती भाकरी, आमटी, शेंगांची चटणी सगळं एकाच चेहऱ्यानं खायची.

एका दुपारी मी ताकात मीठ घातलं. चिमूटभर नव्हे, चमचा भरभरून, ढवळलं, तरी तळाशी उरलं. पेला तिच्या हातात दिला आणि खांबाला टेकून उभी राहिले. ती एकेक घोट घेत होती. मी वाट बघत होते की आता थुंकेल, आता मला धपाटा घालेल. घाल ना गं धपाटा. सगळं ताक पिऊन तिनं ओठ पुसले, पेला खाली ठेवला आणि माझ्याकडं बघून हसली.

तेवढ्यात लाईट गेली. माग थांबले. त्या शांततेत ती माझ्याकडं बघून हसतेय आणि घरात दुसरं कुणी नाही. मी जी पळाले, ती थेट पद्माच्या घरच्या बंद मागाखाली जाऊन लपले. सुताचा कोंडा नाकातोंडात. बाहेर आई मला हाका मारत होती, तिच्याच आवाजात. मी ओ दिली नाही. अशी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही, असं मी परवापर्यंत म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. मी आईपासून लांब, बाबांच्या पलीकडं. आईनं आमटीचा पहिला भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं. अक्का, मीठ लई झालंय की आज, असं मोठ्यानं म्हणाली. मी मान वर केली. दोड्डव्वा पळी हातात धरून तिच्याकडं बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, व्हय, चुकलं माझं. आणि उठून आत गेली. मी? मी ताट उचलून आईच्या मांडीला मांडी लावून बसले. माझी आई होती ती! त्या दिवसापासून रोज जेवताना ती काही ना काही म्हणायची. आज बरोबर पडलंय. आज कमी आहे. ताकाला वरून घे गं जरा. तो उन्हाळा मग बाकीच्या उन्हाळ्यांसारखा गेला, आंबे आले, कलिंगडं आली, आणि पुढं थंडीत आईला ओढणीसारखे मऊ नवे केस आले.

पुढं पुण्याला होस्टेलवर असताना टीव्हीवर तो सिनेमा लागला. मी उठून जाणार होते, पण पाय हलले नाहीत. आणि दार लागल्यावर सिनेमा संपलाच नाही. पुढं चालू राहिला! दार उघडलं, आई पोराला कडेवर घेऊन बाहेर आली, सकाळ झाली, सगळे जेवायला बसले, आईनं डाळीचा घास घेतला आणि म्हणाली की नमक ज्यादा है. सगळे हसले, गाणं लागलं, नावं आली. खोलीतल्या मुली म्हणाल्या, शी, किती गुळमट. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत बसले.

सुट्टीत घरी आले तेव्हा महिबूबचाचांना गाठलं. आमच्या थिएटरात शेवट का नव्हता, विचारलं. त्यांना आठवायला जरा वेळ लागला. म्हणाले, “लायट जाने का टैम था बेटा. आगे क्या था? मा बाहर आती, खाना खाती, खतम. उसके वास्ते क्या जनरेटर लगाना?” जनरेटर डिझेल पीत होता, म्हणून लाईट जायच्या आत खेळ संपवायचा. त्यासाठी एक गाणं कापलं, एक विनोदी प्रसंग कापला, तरी भागेना, म्हणून शेवट कापला. मा बाहर आती, एवढंच तर होतं. बाकी गावांना ते फुकट मिळालं.

म्हणजे त्या सिनेमाचे कट तीन. एक दिग्दर्शकाचा, एक निर्मात्याचा, एक आमच्या लोडशेडिंगचा. होस्टेलवर सिनेमावेड्या मुली ठासून सांगायच्या की दिग्दर्शकाचा तोच खरा, बाकी सगळी तडजोड. कशावरून? मी रोज कापड कापते. ठाण अख्खं असतं तेव्हा सुंदरच दिसतं, पण ठाण अंगावर कोण घालतं? कुणाच्या तरी मापानं ते कापावंच लागतं. निर्मात्यानं म्हणे लोक घाबरून घरी जाऊ नयेत म्हणून शेवट बदलायला लावला. त्याचं काय चुकलं? माझ्यासारखी एखादी पोरगी असेल थिएटरात, हे त्याला सुचलं असेल. असं मी म्हणायचे, तावातावानं म्हणायचे. आणि तरी कापलेला तुकडा कुठंतरी पडलाय, त्यात काय होतं, हे कळल्याशिवाय चैनही पडत नसे. माणसाचं हे असं आहे. आमच्या दुकानात बाई ब्लाउज पीस घेऊन जाते आणि दारातून परत येऊन विचारते, उरलेला तुकडा टाकून दिला का हो?

तर आता त्या दिग्दर्शकानं आपला तुकडा परत जोडला होता. मोबाईलवर शोधलं असतं तर शेवट कळला असता. मी रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. डॉक्टरांनी सांगितलेलं पोटात, त्यात हे. रात्री डोळा लागायचा आणि आई हिरव्या दारातून वळून बघायची. शेवटी सलाईन सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी आईच तयार होऊन बसली. जरीकाठाची साडी नेसून. मी म्हटलं, ही काय सिनेमाला नेसायची साडी? ती म्हणाली, मग काय लग्नालाच नेसायची व्हय? मी चमकून बघितलं, पण ती पिना लावत होती, तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

मल्टिप्लेक्समध्ये इतकी थंडी की आईनं पदर लपेटून घेतला. दुपारचा खेळ, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. नवा सिनेमा लांब होता, संथ होता. आधी कापलेला एक प्रसंग होता, आई दारातून आत जायच्या आधी मुलीची वेणी घालते. नुसती वेणी. बोलत कुणीच नाही. केस विंचरते, गुंता सोडवते, पेड घालते, रिबीन बांधते, उलगडते, परत बांधते. मागच्या रांगेतला पोरगा कंटाळून बाहेर गेला. तेव्हा हा प्रसंग का कापला, ते कळलं. त्यात काही घडत नव्हतं. मी मात्र खुर्चीचे हात धरून बसले होते, कारण ती बाई रिबीन पुन्हा पुन्हा का बांधतेय ते मला आता कळत होतं.

दार लागलं. इथं आमचा सिनेमा संपला होता. आता पडदा काळाच राहिला तर बरं, असंही वाटून गेलं. दार उघडलं, आई पोराला घेऊन बाहेर आली. सकाळ. मुलगी डाळ वाढते, आणि वाढताना आईची नजर चुकवून वाटीत मूठभर मीठ टाकते. आई खाते. एक घास, दुसरा घास. मुलगी बघतेय. आई सगळी वाटी संपवते आणि तिच्याकडं बघून हसते.

शेजारी आईकडं बघायची हिंमत होईना. पडद्यावरच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला कळलं. ती पळणार, असं मला वाटलं, मी पळाले होते तशी. पण ती पळाली नाही. तिनं त्याच खारट डाळीची वाटी आपल्यासाठी भरून घेतली, आईला टेकून बसली आणि खायला लागली. तोंड वाकडं होत होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण खात राहिली. आणि त्यावर सिनेमा संपला. गाणंबिणं काही नाही.

बाहेर उन्हं कलली होती. आई म्हणाली, घसा कोरडा पडलाय, सोडा पिऊ. कोपऱ्यावरच्या गाडीपाशी टेबल मांडलेलं, तिथं प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसलो. तिनं खारा सांगितला, मी गोड. सोडेवाला बाटल्या फोडत होता, आणि मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते, की आता काहीतरी हलकंफुलकं बोलायला पाहिजे, एसीचं, त्या कंटाळलेल्या पोराचं. आईच बोलली.

“ताकात मीठ घातलेलीस की नाही तू?”

हे मी कुणालाही, कधीही सांगितलं नव्हतं. पद्मालासुद्धा नाही.

ती सांगत गेली, पदरानं वारा घेत. पिताना तिला काही कळलं नव्हतं. घशात जळजळ झाली, तर वाटलं औषधाचीच असेल. मी पळाले तेव्हा माझं तोंड बघितलं, मग पेल्याच्या तळाशी मीठ बघितलं, आणि सिनेमा आठवला. मागाखाली मी लपले होते तेही तिला ठाऊक होतं. पद्माच्या आईनं सांगितलं होतं. तिथवर येऊन ती परत गेली, कारण तिनं हात घातला असता तर मी अजून भेदरले असते.

“मला चव नव्हती गं,” ती म्हणाली. “पार दिवाळीपर्यंत नव्हती.”

मी म्हटलं, मग रोज सांगायचीस ती कशी?

“तुझ्या तोंडाकडं बघून.”

तू घास घेतलास की मी बघायची, म्हणाली. कपाळाला आठी आली की जास्त, पाणी न पिता जेवलीस की बरोबर. पहिल्या दिवशी मात्र घाई झाली. तू लांब बसलेलीस, ते बघवेना, म्हणून तू घास घ्यायच्या आधीच मी जास्त झालंय म्हणून मोकळी झाले. आणि अक्कानं त्या दिवशी आमटीत मीठ घातलंच नव्हतं, डॉक्टरनं कमी करायला सांगितलं म्हणून. ती आत जाऊन रडली. आईचं हे ऐकताना मी त्या दिवशीची आमटी आठवायचा प्रयत्न करत होते. आळणी होती का? मला ती आयुष्यात खाल्लेली सगळ्यात चांगली आमटी म्हणून आठवते.

सोड्याचे ग्लास आले. फेस वर आला आणि खाली बसला. आईनं तिचा ग्लास दोन्ही हातांत धरला, पण प्यायली नाही.

“आता तू माझ्या तोंडाकडं बघून सांगायलीस,” ती म्हणाली. “डॉक्टर काय म्हणाले ते सांग. मधलं कापू नको.”

पळून जावं, असं वाटलं. खरंच वाटलं. इतकी मोठी बाई, पण कुठंतरी एखादा बंद माग असता तर मी त्याच्या खाली शिरले असते. मी इकडं तिकडं बघितलं. मग तिच्या तोंडाकडं न बघता, टेबलावरच्या पाण्याच्या वर्तुळाकडं बघत सगळं सांगितलं. यकृत, परत आलंय, धरून ठेवता येईल, जाणार नाही. एखादा उन्हाळा चांगला जाईल, दोनही जातील. माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी यायला लागला.

आईनं विचारलं, “हा उन्हाळा धरून, का सोडून?”

मला माहीत नव्हतं. मी तेव्हा विचारलंच नव्हतं. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, मग विचारू, दोघी जाऊ, आणि मला वजनाला पाठवलं तर मी उठणार नाही. मला भीती वाटतीय आई, असं मी म्हटलं. मला पण, ती म्हणाली. एवढंच. अंजब्याड म्हणाली नाही, आणि त्यामुळंच की काय, मला तिच्या जवळ सरकता आलं. प्लॅस्टिकचं स्टूल फरशीवर करकरलं.

मग तिनं सोड्याचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मीठ जास्त झालंय, म्हणाली.

मी तिच्या हातातून ग्लास घेतला आणि एक घोट घेतला. मीठ खरंच जास्त झालं होतं.